पहिल्यांदा घर सोडताय? सकाळच्या नाश्त्याची सोय अशी लावा

नोकरीसाठी मिरजेहून पुण्याला आले तेव्हा पहिल्या सोमवारी खोलीवर मी पोहे करायला घेतले. घरी आईच्या हातचे पोहे लहानपणापासून खाल्लेले, त्यामुळे त्यात शिकण्यासारखं काही असेल असं मनातही आलं नव्हतं. दुकानदाराने दिले ते पोहे आणले, पातेल्यात पाणी ओतून भिजत घातले आणि आंघोळीला गेले. परत येऊन बघते तर पोह्यांची खळ झालेली. ती टाकून उपाशीच ऑफिसला गेले, अकरा वाजता डोकं ठणकायला लागलं. संध्याकाळी आईला फोन केला तर ती म्हणाली, “अगं, पोहे धुवायचे आणि निथळत ठेवायचे. भिजतात ते आपोआप.”

पुढे त्याच नोकरीत फिरती आली. सहकारी संस्थांच्या हिशेबतपासणीसाठी महिन्यातले दहा-बारा दिवस परगावी जावं लागतं. पहाटेची एसटी, लॉजवरची सकाळ, स्टँडसमोरचं हॉटेल, सगळं करून झालं. आता माझी भाची पहिल्यांदा घराबाहेर राहायला निघाली आहे. तिला फोनवर तुकड्या-तुकड्याने सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहून काढावं म्हटलं. तुम्हीही तिच्यासारखेच निघाला असाल तर हे तुमच्यासाठी.

१. ठरवायचं ते आदल्या रात्री

बाकी सगळं विसरलात तरी चालेल, एवढं धरून ठेवा. सकाळी उठून “आज काय करू?” म्हणत ओट्याशी उभे राहिलात की त्या दिवशी नाश्ता होत नाही. बिस्किटं आणि चहावर भागतं, आणि दुपारी जेवताना दोन पोळ्या जास्त जातात.

रात्री झोपण्यापूर्वी पाच मिनिटं काढा. उद्या पोहे असतील तर पोहे वाटीने मोजून चाळणीत काढून झाकून ठेवा. एका ताटलीत कांदा, मिरच्या, कढीपत्ता आणि लिंबू ठेवा. कोथिंबीर निवडून ठेवा. कांदा मात्र रात्री चिरायचा नाही, सकाळी त्याला उग्र वास येतो आणि तो फोडणीत गोडसर होत नाही. कढई घासलेली आहे ना, हेही रात्रीच बघा. माझे निम्मे नाश्ते बुडाले ते रात्रीची कढई तशीच पडलेली असायची म्हणून.

२. पहिल्या महिन्याचं सामान

एकट्या माणसाला एवढं पुरतं:

- जाड पोहे १ किलो आणि जाडसर रवा १ किलो
- थालीपिठाची भाजणी अर्धा किलो. बचत गटाच्या बायकांकडे ताजी मिळते. विकत घेताना वास घेऊन बघा, भाजल्याचा खमंग वास आला पाहिजे.
- शेंगदाणे अर्धा किलो, मोहरी, जिरे, हळद, हिंग, तिखट, मीठ, साखर
- एखादी कोरडी चटणी: शेंगदाण्याची, कारळ्याची किंवा जवसाची
- मेतकूट. बरं नसेल त्या दिवशी मऊ भात, तूप आणि मेतकूट एवढंच लागतं.
- लोखंडी कढई, तवा, उलथनं, पक्कड, मोठ्या भोकांची चाळणी, घट्ट झाकणाचे दोन डबे आणि दोन स्वच्छ सुती पंचे

इंडक्शन शेगडी असेल तर भांडं सपाट बुडाचं आणि लोखंडाचं किंवा इंडक्शनला चालणाऱ्या स्टीलचं लागेल. घरून आणलेली ॲल्युमिनियमची कढई तिच्यावर तापत नाही. भांडं घेण्याआधी बुडाला लोहचुंबक लावून बघा.

रवा आणला की त्याच दिवशी सगळा मंद आचेवर कोरडा भाजून, गार करून डब्यात भरा. न भाजलेल्या रव्यात पावसाळ्यात पंधरा दिवसांत अळ्या होतात.

३. कांदेपोहे

दुकानात “पोहे द्या” म्हणू नका, “कांदेपोह्यांचे जाड पोहे द्या” म्हणा. पातळ पोहे चिवड्याला आणि दडप्या पोह्यांना लागतात. ते पाण्याखाली धरले की संपले.

एका भुकेल्या माणसाला मोठी वाटीभर पोहे, एक मध्यम कांदा, दोन हिरव्या मिरच्या, मूठभर शेंगदाणे, दोन चमचे तेल, पाव चमचा हळद, अर्धा चमचा मीठ, तेवढीच साखर, अर्धं लिंबू.

चाळणी नळाखाली धरा आणि पोहे हलक्या हाताने खालीवर करत धुवा. पंधरा-वीस सेकंद बास. मग चाळणी कलती करून पातेल्यावर टेकवा आणि कांदा चिरायला घ्या. कांदा-मिरची चिरून होईपर्यंत, म्हणजे सात-आठ मिनिटांत, पोहे आपले आपण मऊ होतात. एक पोहा अंगठा आणि तर्जनीत धरून दाबा. सहज दबला आणि तरी त्याचा आकार राहिला तर तयार आहे. मधे कणी लागली तर पाण्याचा हबका मारून दोन मिनिटं थांबा. बोटाला चिकटला तर पाणी जास्त झालं, मग चाळणी पंख्याखाली ठेवा. ही एका पोह्याची परीक्षा कधीही चुकवू नका, कारण प्रत्येक दुकानाचे पोहे वेगळे असतात आणि जुने पोहे जास्त पाणी मागतात.

मीठ, साखर आणि हळद यांपैकी मीठ-साखर पोह्यांवरच भुरभुरवून हलक्या हाताने मिसळा, म्हणजे सगळीकडे सारखी लागते. हळद फोडणीत घाला.

तेल तापलं की आधी शेंगदाणे तळून बाजूला काढा. मग मोहरी. ती तडतडून शांत होईपर्यंत थांबा, न फुटलेली मोहरी कडू लागते. जिरे, हिंग, मिरच्या, कढीपत्ता, कांदा. कांदा काचेसारखा दिसू लागला की हळद, की लगेच पोहे. उलथन्याने खालून वर घ्यायचं, दाबायचं नाही. दाणे परत घाला, झाकण ठेवा आणि आच अगदी मंद करून तीन-चार मिनिटं वाफ येऊ द्या.

ही वाफ घाईत सुटते, आणि वाफ न आलेले पोहे घशाखाली उतरत नाहीत. खोलीवर झाकण नसेल तर ताट पालथं घाला, पण वाफ आणाच. लिंबू गॅस बंद केल्यावर पिळायचं. आधी पिळलं तर कडवट होतं. वरून कोथिंबीर, ओलं खोबरं असलं तर दोन चमचे.

बटाटा घालायचा असेल तर अगदी पातळ काचऱ्या करून कांद्याआधी फोडणीत टाका आणि झाकून शिजवा. जाड फोडी सकाळच्या वेळेला शिजत नाहीत.

४. पोह्यांचा कंटाळा आला की

आमच्याकडे उपमा म्हणत नाहीत, उपीट म्हणतात. भाजलेला रवा डब्यात तयार असला तर हे काम पोह्यांहून लवकर होतं. एक वाटी रव्याला अडीच ते तीन वाट्या पाणी. पाणी शेजारच्या शेगडीवर उकळत ठेवा, फोडणीत रवा दोन मिनिटं परता आणि मग उकळतं पाणी ओता. गार पाणी ओतलं की गुठळ्या झाल्याच. पाणी ओतताना कढई खळकन उसळते, तेव्हा हात लांब ठेवा.

थालीपीठ सुट्टीच्या दिवशी करा. भाजणीत बारीक चिरलेला कांदा, तिखट, मीठ, ओवा, कोथिंबीर घालून कोमट पाण्याने भिजवा आणि लगेच थापा. भिजवून ठेवलं तर कांद्याला पाणी सुटतं आणि गोळा पातळ होतो. ओल्या फडक्यावर थापा, बोटाने मधे पाच भोकं पाडा, तव्यावर टाकून प्रत्येक भोकात तेलाचा थेंब सोडा आणि झाकण ठेवा. पहिलं थालीपीठ गार तव्यावर थेट थापता येतं. पुढच्यासाठी तवा गार होईपर्यंत थांबायला लागतं, म्हणून फडक्याची सवय करून घ्या. बरोबर लोण्याचा गोळा किंवा घट्ट दही.

५. प्रवासाचा डबा

पहाटे साडेपाचची गाडी असेल तर स्टँडवर काही मिळेल या भरवशावर निघू नका. चहा मिळतो. खायचं काल रात्रीचं असतं.

सुरुवातीला मी पोहे डब्यात भरून न्यायचे. तीन तासांनी ते गार, कोरडे होतात, आणि ओलं खोबरं घातलेलं असेल तर उन्हाळ्यात आंबूस वास येतो. सांगली स्टँडवर एकदा असाच डबा उघडून बसले होते. शेजारी बसलेल्या मावशींनी माझ्या डब्याकडे बघितलं आणि काही न बोलता आपल्या पंच्याची गाठ सोडली. आत दशम्या होत्या. एकीवर लसणीची चटणी ठेवून त्यांनी ती माझ्या हातात दिली. परवा रात्री केलेल्या, पण बोटाने मोडताना अजून मऊ लागत होत्या. “दुधात भिजवल्यात, पाण्याचा थेंब नाही,” त्या म्हणाल्या. तेव्हापासून माझ्या प्रवासाच्या डब्यात दशम्याच असतात.

दोन वाट्या कणकेला अर्धा चमचा मीठ, दोन चमचे तेल आणि मावेल तसं गार दूध. साधारण पाऊण वाटी ते वाटीभर लागतं. घट्ट मळा, पंधरा मिनिटं झाकून ठेवा. पोळीपेक्षा जाडसर लाटा आणि मध्यम आचेवर दोन्ही बाजूंनी डाग पडेपर्यंत भाजा, कडेला कच्ची राहू देऊ नका. ज्वारीच्या पिठाच्याही करतात, पण त्या थापायला हात बसलेला लागतो. सुरुवात कणकेने करा.

गोड हव्या असतील तर गूळ घाला, पण तापत्या दुधात गूळ टाकू नका, दूध फाटतं. गूळ बारीक किसून गार दुधात विरघळवा.

पुढचं फार महत्त्वाचं आहे. दशम्या गरम असताना डब्यात भरल्या की झाकणाला वाफ धरते, ते पाणी खाली टपकतं आणि दुसऱ्या दिवशी बुरशी. पंच्यावर एकेक पसरून पूर्ण गार होऊ द्या. मग त्याच पंच्यात गुंडाळा आणि डब्यात ठेवा. थंडीत दोन दिवस सहज राहतात. एप्रिल-मे महिन्यात दीड दिवसावर ताणू नका.

बरोबर कोरडी चटणी न्या. सोलापुराकडची शेंगाचटणी उत्तम, तिला तेल सुटतं म्हणून छोट्या घट्ट डबीत भरा. लिंबाचं लोणचं चालतं. उकडलेला बटाटा, कच्चा कांदा, ओल्या खोबऱ्याची चटणी, यांतलं काहीही चार तासांपुढच्या प्रवासाला नको. लांबचा प्रवास असेल तर सोलापूरची कडक भाकरी घ्या. कोरडी ठेवली तर कित्येक दिवस टिकते, आणि दह्यात किंवा आमटीत मोडली की पोट भरतं.

६. एसटी, रेल्वे, विमान, लॉज

एसटी हॉटेलवर थांबते तेव्हा आधी कंडक्टरला विचारा, “गाडी किती वेळ थांबणार?” आणि गाडीचा नंबर लक्षात ठेवा. एकाच आगाराच्या चार गाड्या शेजारी उभ्या असतात. काउंटरवर समोर तळून निघणारं किंवा वाफेतून निघणारं मागा. सकाळी इडली सर्वांत सुरक्षित. घाट चढायचा असेल तर तर्रीदार मिसळ आणि भजी दोन्ही टाळा. आंबा घाटात मी हे भोगलेलं आहे.

मुंबईहून पुण्याकडे येणाऱ्या अनेक गाड्या कर्जतला थांबतात, कारण घाट चढायला मागून जादा इंजिनं जोडावी लागतात. तेवढ्यात फलाटावर गरम वडे येतात. थांबा काही मिनिटांचाच, त्यामुळे सुटे पैसे हातात ठेवा आणि वड्यासाठी लांब जाऊ नका. पुण्याहून सकाळी सव्वासातला सुटणारी डेक्कन क्वीन १९३० पासून धावते आणि तिला स्वतःचा उपाहार डबा आहे. तिथे बसून ऑम्लेट-टोस्ट खाणं एकदा तरी अनुभवा, मात्र गाडी सुटल्यावर लवकर जा, जागा भरतात.

रेल्वेतल्या चार्जिंगच्या प्लगला विजेची किटली लावू नका. ते नियमात बसत नाही आणि डब्याच्या वायरिंगला धोका होतो.

विमानात दशम्या आणि कोरडी चटणी हातातल्या पिशवीत चालते. तेलातलं लोणचं चेक-इनच्या सामानात टाका. परदेशात जात असाल तर तिथे उतरल्यावर खाण्याचे पदार्थ जाहीर करावे लागतात का, ते निघण्यापूर्वीच बघा. ऑस्ट्रेलियात याबाबत फार कडक तपासणी असते.

लॉजवर राहणार असाल तर घरूनच उपिटाचं कोरडं मिश्रण करून न्या. तेलात मोहरी, जिरे, मिरचीचे तुकडे आणि कढीपत्ता कुरकुरीत होईपर्यंत परता, त्यात रवा खमंग भाजा, मीठ-साखर घाला, गार करून डबीत भरा. कांदा घालू नका. खोलीत किटलीने पाणी उकळा, वाटीभर मिश्रणावर दोन वाट्या उकळतं पाणी ओता, ढवळा, सात-आठ मिनिटं घट्ट झाकून ठेवा. किटलीत फक्त पाणी उकळायचं. दूध किंवा मिश्रण टाकलं की ते खाली लागतं आणि पुढच्या माणसाला जळका वास येतो.

७. परगावी गेलात तर तिथलं खा

डबा प्रवासापुरता. मुक्कामी पोचल्यावर त्या गावचे लोक सकाळी जे खातात तेच मागवा. ते ताजं असतं, कारण त्याला खप असतो.

कोल्हापुरात मिसळ, बरोबर ब्रेड. तिथे रश्श्याला कट म्हणतात. पहिल्यांदा खात असाल तर “कट वेगळा द्या” म्हणा आणि हळूहळू ओता. पुण्यात काही ठिकाणी मिसळीत पोहेही असतात. नाशिकला मटकी, बरोबर पापड आणि दही. चांगल्या ठिकाणी मिसळ दुपारपर्यंत राहत नाही, नऊच्या आत पोचा.

नागपूरला तर्री पोहे मिळतात: साध्या पोह्यांवर हरभऱ्याची झणझणीत तर्री, कांदा, शेव. तिथे गाडीवाल्याने “सांबार टाकू का?” विचारलं तर इडलीबरोबरचं सांबार समजू नका. विदर्भात कोथिंबिरीला सांबार म्हणतात. मी पहिल्यांदा नको म्हणाले आणि कोथिंबिरीशिवाय पोहे खाल्ले.

लातूर-नांदेडकडे गेलात तर सुशीला मागा. चुरमुरे पाण्यातून काढून पिळतात, पोह्यांसारखी फोडणी देतात आणि वर डाळ्याचं कूट घालतात. खोलीवर करायलाही हा सर्वांत सोपा नाश्ता आहे, दहा मिनिटंसुद्धा लागत नाहीत. चुरमुरे पाण्यात सोडले की लगेच काढा.

सिंधुदुर्गात घावणे आणि ओल्या खोबऱ्याची चटणी, किंवा आंबोळी आणि काळ्या वाटाण्याची उसळ. घरगुती खानावळीत राहत असाल तर रात्रीच सांगून ठेवा. आंबोळीचं पीठ आंबवावं लागतं, सकाळी सांगून ती मिळत नाही.

इंदूरला होळकरांच्या काळापासून मराठी घरं आहेत, आणि तिथले पोहे आपल्यापेक्षा वेगळे असतात. ते वाफेवर गरम ठेवतात, वर शेव आणि जिरावन नावाचा कोरडा मसाला भुरभुरवतात आणि शेजारी जिलबी. गोड नको असलं तरी जिलबी नाकारू नका, तिखट पोह्यांच्या दोन घासांनंतर तिची खरी चव कळते.

गोव्यात पहाटे सायकलच्या भोंप्याचा आवाज आला की पोदेर, म्हणजे पाववाला, आला समजा. सुटे पैसे आणि कापडी पिशवी घेऊन खाली जा. कोंड्याची पोळी (हाही पावच) आणि कडक पाठीचा उंडो पाव, दोन्ही गरम असतात. हॉटेलात बसलात तर “मिक्स भाजी-पाव” मागा, एका बशीत सुकी आणि पातळ भाजी एकत्र येते. पाव पुरला नाही तर आणखी मागायला संकोच करू नका, भाजी उरली की दुसरा पाव मागवायचाच असतो. उरलेला उंडो पिशवीत टाकून गाडीत बसा, संध्याकाळपर्यंत कडक होतो, पण चहात बुडवला की परत मऊ पडतो.